सासूबाई मुराळी झाल्या तेव्हा

माझा धाकटा भाऊ दसऱ्याला आपट्याच्या झाडावर चढला आणि पाय मोडून घेऊन खाली आला. आपट्याची पानं जमिनीवर उभं राहूनही हाताला येत होती, पण शेंड्याची पानं मोठी असतात, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्या वर्षी भाऊबीजेला तो माझ्या सासरी ओवाळून घ्यायला येऊ शकणार नव्हता. बाजाराला आलेल्या गावच्या माणसाबरोबर त्यानं सांगावा धाडला, "ताई आली न्हाई तर म्या पाटावर बसणार न्हाई, अन् जेवणार बी न्हाई."

तो बोलल्याप्रमाणे करणारा होता, हीच माझी धास्ती. लहानपणी एकदा रुसला तेव्हा दिवसभर गोठ्यात म्हशीशेजारी बसून राहिला होता. आता तर पाय लाकडात बांधलेला, घरात खिन्न पडून असलेला. भाऊबीजेच्या दिवशी माझा भाऊ उपाशी बसणार, या विचारानं मला घास गिळवेना.

ते निजामाच्या राज्यातले दिवस. पुसेगावच्या अलीकडे आमचं सासरचं गाव, आणि माहेर तिथून पाच-सहा कोसांवर, डोंगराच्या पलीकडे. लग्न झालेली पोरगी एकटीनं माहेरी जात नसे. तिला न्यायला माहेरचा कुणीतरी यायचा, त्याला मुराळी म्हणत. माझा मुराळी तर पाय मोडून पडलेला. नवरा गाडी घेऊन माझ्या नणंदेकडे ओवाळून घ्यायला गेलेला, सासऱ्यांचे गुडघे धरलेले. भाऊबीजेच्या सकाळी मी चुलीपुढं बसून भांडी अशी काही आदळायला लागले की गोठ्यातलं वासरू ओरडायला लागलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भांडी काहून फोडून राहिलीस? त्यांचा काय कसूर? ऊठ, लुगडं बदल. मीच येते तुझी मुराळी होऊन."

सासू सुनेची मुराळी, असं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. सासरे खो खो हसले. मग त्यांनी खूण सांगितली, "नाला वलांडला की म्हसोबाचा शेंदराचा दगड लागंल. तिथून डाव्या अंगाला वळा, मंग वाट सोडू नका." सासूबाईंनी फडक्यात भाकरी, ठेचा आणि अनारसे बांधले आणि आम्ही निघालो.

दिवाळीचं ऊन कोवळं होतं. तूर पिवळी फुललेली, कापसाची बोंडं उकललेली. घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी सासू गावाची शीव ओलांडताच लुगड्याचा ओचा खोचून अशी झपाझप चालायला लागली की मला धावावं लागलं. वाटेत त्या बोलत होत्या, हसत होत्या. तुरीच्या कोवळ्या शेंगा तोडून त्यांनी माझ्या हातात दिल्या. घरात दीड वर्षात त्या माझ्याशी जेवढं बोलल्या नसतील तेवढं नाल्यापर्यंत बोलून झालं.

नाला ओलांडला. समोर बांधावर शेंदूर फासलेला दगड, ताजा, लालभडक. आम्ही डावीकडे वळलो.

पुढच्या बांधावर आणखी एक शेंदराचा दगड दिसला. त्याच्या पुढच्या बांधावर पाच. मी थबकले. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. शेतातले दगड मांडून त्यांना शेंदूर लावायचा, दहीभात ठेवायचा आणि मग वेचायला हात घालायचा. दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः या हातांनी आमच्या शेतात शेंदूर लावला होता. साऱ्या शिवारानं लावला होता. सासऱ्यांनी सांगितलेला म्हसोबाचा जुना दगड त्यात कुठला, हे आता म्हसोबालाच ठाऊक.

"आत्याबाई, कुणाला तरी इचारू."

"इहिणीच्या गावची वाट इचारत हिंडू व्हय? हसतील लोकं. तू सांग की, तुझं माहेर हाय."

मी काय सांगणार? लग्न झाल्यापासून त्या वाटेनं गेले-आले ती पडदे सोडलेल्या दमणीतून, त्या कमानीच्या छपराच्या बैलगाडीतून, मान खाली घालून. माझ्या माहेरची वाट मला फक्त गचक्यांनी माहीत होती. एका ओढ्यात दमणीचं चाक दगडावर चढून धाडकन आपटायचं आणि माझं डोकं कमानीला लागायचं, की समजायचं, आता गाव आलं. पायी चालताना ही खूण काय कामाची!

पुढं एका शेतात अजून सीतादही चाललं होतं. शेतकरणीनं हाक मारून आम्हाला बसवलंच. त्या दिवशी बांधावर आलेल्या सवाशिणीला तसं सोडत नाहीत. पळसाच्या पानावर दहीभात वाढला, आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "हितंच, जवळच." मी पानात तोंड घालून हसत होते, आणि मनात भाऊ आठवत होता. दुपार कलली होती.

जेवून टेकाड चढलो. वरून खाली पाहिलं तर एक विहीर आणि तिच्यावर वाकलेली चिंच. सासूबाई चालता चालता थांबल्या. इतका वेळ चाललेलं तोंडही थांबलं.

"हे आमचं शिवार हाय," त्या म्हणाल्या. "ही माझ्या बापाची हीर."

आम्ही त्यांच्या माहेरी येऊन पोचलो होतो! या गावाचं नाव आमच्या घरात निघत नसे. नणंदेच्या लग्नात मामाच्या मानाचा फेटा गर्दीत चुकून भलत्याच पाहुण्याच्या डोक्यावर गेला होता. सासूबाईंचे थोरले भाऊ मांडवातून न जेवता उठले ते गेलेच. तेव्हापासून ना त्यांनी मुराळी पाठवला, ना या बोलावल्याशिवाय गेल्या. किती भाऊबीजा अशाच गेल्या होत्या. त्या दिवशी त्या चंद्राला ओवाळत आणि ताम्हन लगेच फळीवर ठेवून देत. ते मी आदल्या वर्षी पाहिलं होतं, पण कुणाला ओवाळलं नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, डोळे पुसले आणि पाठ फिरवली. "चल मागं. बिगी बिगी गेलो तर दिवे लागायच्या आत तुझ्या गावाला पोचू. तुझा भाऊ उपाशी बसलाय."

मला इतका राग आला! कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. त्यांचा, त्यांच्या भावाचा, त्या मेल्या फेट्याचा. मी तिथंच वाटेत फतकल मारून बसले.

"मी उठत न्हाई. तुमी तुमच्या भावाला ओवाळा, मंग मी माझ्या भावाकडं जाईन."

"खुळी का तू? मला कुणी न्यायला आलं न्हाई. बिनमुराळ्याची कशी जाऊ?"

"मी हाय की! सकाळपासून तुमी माझ्या मुराळी. आता मी तुमची."

त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि सासूला खेचत टेकाडावरून खाली नेलं.

मामा, म्हणजे सासूबाईंचे ते थोरले भाऊ, अंगणात वैरण तोडत होते. बहिणीला बघून त्यांनी विळा खाली ठेवला आणि घरात निघून गेले. आता हे दार लावून घेतात की काय! सासूबाई पुतळ्यासारख्या उभ्या. एवढ्यात मामा बाहेर आले ते डोक्यावर फेटा बांधून. ओवाळून घ्यायचं तर डोकं उघडं कसं ठेवणार?

सासूबाईंनी फेट्याकडे निरखून पाहिलं. "दादा, ह्यो बराबर तुझाच हाय नव्हं?"

मामी आत फसकन हसल्या, मग मामा हसले, आणि हसता हसता त्यांनी बहिणीला जवळ घेतलं. मामींनी पाट मांडला, ताम्हन आणलं. इतक्या वर्षांचं ओवाळणं बाकी होतं, म्हणून की काय, सासूबाईंचं ताम्हन फिरायचं थांबेना. मामा म्हणाले, "बाई, मला गरगरून राहिलंय, बस कर."

ऊन मात्र थांबणार नव्हतं. माझा चेहरा मामींनी वाचला, माझ्याकडून भावाचं सगळं काढून घेतलं आणि त्यांनीच मामांना सांगितलं. मामांनी चहासुद्धा न घेता बैल जुंपले. गाडी अशी हाणली की घुंगरं एकसारखी वाजत राहिली. सासूबाई मागून ओरडत होत्या, "दादा, हळू! सून हाय माझी, कापसाचं बोचकं न्हाई!" पडदा नसलेल्या गाडीतून मी पहिल्यांदाच माझ्या माहेरची वाट डोळ्यांनी पाहिली. दोन्ही बाजूंनी पळसाची झाडं होती आणि मला ती ठाऊकच नव्हती. मग एका ओढ्यात चाक दगडावर चढून धाडकन आपटलं आणि मी ओरडले, "आलं! आलं माझं गाव!"

घराघरांत दिवे लागले होते. ओसरीवर भाऊ बांधलेला पाय लांब करून बसला होता, चेहरा पडलेला. आई दारातच म्हणाली, "सकाळधरनं पाण्याला शिवला न्हाई गं." मी धावत जाऊन त्याच्यासमोर बसले. त्याच्या कोवळ्या मिशीला करंजीचं सारण चिकटलेलं होतं.

"उपाशी व्हय रे?"

"चारच खाल्ल्या," तो पुटपुटला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "मला वाटलं तू येत न्हाईस." मी त्याला ओवाळलं तेव्हा निरांजनाची ज्योत मला नीट दिसत नव्हती. शेजारी सासूबाई आणि मामा माझ्या आईला फेट्याची हकिगत सांगून हसवत होते.

पुढं निजामी अमलातल्या शेवटच्या गडबडीचं एक साल सोडलं, तर दर भाऊबीजेला आम्ही दोघी पायीच निघत आलो. घरी गाडी असली तरी. सासरे दरवर्षी शेंदराच्या दगडाची खूण नीट समजावून सांगत, सासूबाई मान डोलावत, आणि नाला ओलांडला की पहिल्याच दगडापाशी डावीकडे वळत. एका वर्षी मामांनी न राहवून विचारलं, "बाई, इतकी तकलीफ काहून घेतेस? रीतीपरमानं मुराळी धाडतो की."

सासूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "कशाला? माझा मुराळी माझ्या घरातच हाय."