कामचोर अंगठा

इझाबेल आंटी माणसाचं तोंड नंतर पाहायच्या, आधी हात. मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा माझी मार्कशीट, सर्टिफिकेटं आणि आईच्या धाकाने चेहऱ्यावर चिकटवलेलं हसू, यांतलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. "हात दाखव," म्हणाल्या. मी दोन्ही हात पुढे केले. बाजारात बांगडा ताजा आहे का बघावं तसे त्यांनी ते उलटेपालटे केले आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "हे हात आजून डब्यातसून भायर काडूक नाय!"

आत सगळ्या हसल्या. मीही हसले. अपमान झाला की काय करायचं, हे आमच्या इंग्रजी शाळेत शिकवलेलं नव्हतं.

नोकरी मात्र मिळाली. वेंगुर्ल्याच्या बाहेर, आंटींच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा काजूचा छोटा कारखाना होता. नवरा वारल्यावर तो त्यांनी एकटीने चालवला होता. मालकीण असूनही त्या बायकांच्या रांगेत बसून काजू फोडायच्या. "मालकिणीचे हात गोरे दिसले काय समजाचा, काजू किडके," हे त्यांचं व्यापारशास्त्र. माझं काम परगावच्या गिऱ्हाइकांना ईमेल लिहिणं. "तू इंग्लिश सांभाळ, मी काजू सांभाळतंय," एवढीच आमच्यातली कामाची वाटणी. मी बोलत नसे म्हणून पाहुण्यांना माझी ओळख करून देताना त्या म्हणत, "ह्या माझा मुक्या इंग्लिश."

इंग्रजीवर त्यांची श्रद्धा होती, पण ती भाबडी नव्हती. "मराठीत इचारल्यार भिकारी, इंग्लिशीत इचारल्यार गिरायक," असं त्या सरळ सांगत. त्यांची स्वतःची मालवणी कारखान्यात तलवारीसारखी चाले. सरकारी कचेरीत गेल्यावर मात्र त्या शुद्ध मराठी काढत, आणि ती सगळी चर्चमधल्या प्रार्थनांतून शिकलेली. तलाठ्यासमोर उभ्या राहून त्या म्हणत, "बंधो, आमच्यावर दया करा आणि आमचा सातबारा आम्हांस द्या." शब्द नम्र, आवाज मात्र उसने पैसे वसूल करायला आल्यासारखा. तलाठी गोंधळून उठून उभा राही.

काजूच्या टरफलात काळं तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते, सोलते, पुन्हा येते, पुन्हा सोलते. फोडणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसतात, तरी काही वर्षांत बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होतात. शेवंता ही आंटींकडची सगळ्यात जुनी बाई. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा कधीच उठत नसे. मुलगा गावात असला तर त्याचा अंगठा, नसला तर तांदूळ नाही. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली की आंटी रांगेतूनच ओरडत, "शेवंते, तू बरी कामाची गो, पण तुझो अंगठो कामचोर!" शेड हसायची. शेवंता हसून राख चोळायला घ्यायची. तिच्याकडे दुसरा इलाज काय होता?

मग दुबईच्या व्यापाऱ्याची ईमेल आली. त्याला सालीसकट भाजलेले, हाताने फोडलेले काजू वर्षभर हवे होते. पण महिनाअखेर मालकाने स्वतः माल घेऊन यावं, नाहीतर तो दुसऱ्या, मोठ्या मशीनवाल्या कारखान्याशी करार करणार होता. मी ईमेल वाचून दाखवली. आंटींचा काजू फोडणारा हात थांबला, आणि तो थांबला म्हणून सगळ्यांचे हात थांबले. त्या मशीनवाल्याने आधीच आमची दोन गिऱ्हाइकं नेली होती. हेही गेलं तर दिवाळीनंतर शेडला कुलूप, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"मी जातलंय दुबयक," त्या म्हणाल्या. गोव्याच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. पासपोर्ट नव्हता.

तातडीच्या पासपोर्टसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा होता. त्यांच्या आधारला नंबर होता नवऱ्याचा. तो नंबर आता कोल्हापूरच्या कुणा माणसाकडे होता. आंटींनी त्याला फोन करून पाहिला. "मी त्या नंबराची बायल," असं त्यांनी सांगितल्यावर त्याच्या खऱ्या बायकोने फोन घेतला आणि तो मार्ग तिथेच संपला. नंबर बदलायचा तर केंद्रावर जाऊन बोटं द्यायची. वेंगुर्ल्याचं केंद्र बंद होतं, म्हणून आम्ही एसटीने कणकवली गाठली.

केंद्रावरच्या तरुण ऑपरेटरने आंटींचं एकेक बोट काचेवर दाबलं. दहाही बोटं झाली. मशीनने दहाही वेळा लाल दिवा दाखवला.

"हात स्वच्छ धुऊन या, काकू."

आंटींनी धुतले. पुन्हा लाल.

"काम काय करता?"

"काजू फोडते, बंधो."

"मग काही दिवस फोडू नका. नवीन कातडी येऊ दे. हात मऊ ठेवा." एवढं बोलून त्याने पुढच्याला हाक मारली.

आम्ही परत आलो तेव्हा शेवंता दारातच उभी होती. "काय झाला, बाय?" तिने आंटींना विचारलं. मी नकाराची मान हलवली. शेवंताने डोळे मोठे केले, आत वळली आणि अख्ख्या शेडला ऐकवलं, "आयकलात गो? बायचो अंगठोय कामचोर!"

शेड हसली, आणि आंटी सरळ घरात निघून गेल्या.

हात न वापरता बसण्याचं काम त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या खुर्ची टाकून देखरेख करायला बसत, आणि बसल्याबसल्या हात आपोआप काजूकडे जाई. शेवटी त्यांनी स्वतःवर उपाय केला. लग्नात घातलेले पांढरे जाळीचे हातमोजे ट्रंकेतून काढले आणि घातले. काळ्या तेलाने माखलेल्या शेडमध्ये, टरफलांच्या ढिगाशेजारी, नऊवार कमरेला खोचून आणि नवरीचे हातमोजे चढवून इझाबेल आंटी बसलेल्या, हे दृश्य बघायला रस्त्यावरची माणसं थांबू लागली.

"बाय, न्हवरो खंय पावलो?" आतून कुणीतरी विचारी.

"गो, न्हवरो दुबयत आसा. पासपोर्ट मेळाक नाय म्हणान थांबलो," दुसरी उत्तर देई.

रविवारी त्या मोजे घालूनच चर्चमध्ये मिसाला गेल्या. सोमवारपर्यंत गावात दोन बातम्या पसरल्या होत्या: एक, त्यांना हाताचा रोग झाला आहे, दोन, त्या दुसरं लग्न करणार आहेत. आंटींना पहिलीचा राग आला. दुसरी त्यांनी कधी नाकारली नाही.

दुसऱ्यांदा कणकवलीला निघालो तेव्हा महिनाअखेर जवळ आली होती. बोटांवर खरोखर नवी, गुलाबी कातडी आली होती. पण चांगल्या कामाला निघताना हात-पाय फुटलेले नसावेत ही आमच्याकडची रीत, म्हणून आंटींनी पहाटे उठून दोन्ही तळव्यांना कोकमाचं तेल थापून चोळलं होतं. ते हात काचेवर पडताच सगळं मशीन मेणासारखं चिकट झालं.

"अहो, हे काय लावलंय?" ऑपरेटर ओरडला.

"बंधो, आपणच सांगितलेत, हात मऊ ठेवा."

त्याने रुमालाने काच पुसली, मग आंटींची बोटं पुसली, मग कपाळ पुसलं. पुन्हा दहा बोटं झाली. पुन्हा लाल. "पुढच्या महिन्यात या," तो म्हणाला.

मी बाकावर बसले होते. मला माणसांच्या डोळ्यांत बघायला जमत नाही, त्यामुळे मी वस्तू बघत राहते. ऑपरेटरच्या मागे टेबलावर एक खोका होता, आणि खोक्यावर त्याच्या जेवणाचा डबा. खोक्याच्या बाजूला इंग्रजीत लिहिलं होतं की आत डोळे वाचणारं मशीन आहे. मी उठून आंटींच्या कानात सांगितलं.

"माका कित्या सांगतंस? तेका सांग!"

मी त्यांच्या पाठीमागे सरकले. आंटींनी आपल्या प्रार्थनेच्या मराठीत विचारलं, "बंधो, आपल्या डब्याखाली जे आहे, त्याने आमचे डोळे पाहता येतील काय?"

"ते वापरत नाही आम्ही," तो न वळता म्हणाला. "नेक्स्ट!"

आंटींनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझं तोंड आपोआप उघडलं. "एक्स्क्यूज मी," मी म्हणाले. पुढचं सगळं वाक्यही इंग्रजीत बाहेर पडलं: ते डोळ्यांचं मशीन तुम्ही का वापरत नाही, कृपया सांगाल का? आवाज थरथरत होता. रागाने थरथरतोय असं त्याला वाटलं असावं. तो चक्क उठून उभा राहिला.

"येस मॅडम. वन मिनिट, मॅडम."

डबा खाली उतरला. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा कुणी काढलेली नव्हती. आंटी समोर बसल्या, डोळे वटारले, आणि हिरवा दिवा लागला. पहिल्या फटक्यात.

बाहेर येऊन त्या पायरीवरच बसल्या. "तुझ्या बापाशीन येवडी फी भरल्यान, ती ह्या येका वाक्यासाठी," म्हणाल्या. मग चेहरा बदलला. "म्हणजे तो ह्या मशिनार डबो ठेवन जेवता, आणि आमची शेवंता रिकामी पिशवी घेवन घराक येता." मग आपली बोटं बघत म्हणाल्या, "आणि मी तिका हसतंय."

पासपोर्टच्या ऑफिसातही बोटं मागितली. तिथल्या मुलीने दोनदा प्रयत्न केला, बोटं उमटत नाहीत अशी नोंद केली आणि शांतपणे पुढे पाठवलं. काम इतकं सोपं असू शकतं हे बघून आंटी उलट जास्तच चिडल्या.

त्या दुबईला गेल्या, काजू खाऊ घातले आणि करार घेऊन आल्या. काय बोललात, असं मी विचारलं. "तेचे हात बगलंय. लोण्यासारे मऊ. मगे भाव वाडवलंय."

आल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांनी शेड बंद ठेवली. आजवर ती फक्त नवऱ्याच्या मातीच्या दिवशी बंद होती. सगळ्या बायकांना टेम्पोत घालून त्या रेशनच्या दुकानावर गेल्या आणि मला पुढे ढकललं. मी इंग्रजीत विचारलं, बोटं उठत नाहीत म्हणून तुम्ही तांदूळ नाकारता, हे लिहून द्याल का? दुकानदाराने लिहून दिलं नाही. त्याने तांदूळ दिला. डोळ्यांचं मशीन तालुक्याहून यायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर दर महिन्याला मला ते वाक्य म्हणायला तिथे जावं लागे.

त्यानंतर आंटींचं शास्त्र उलटं झालं. "जेचो अंगठो पयल्या फटक्यात उठता," त्या शेडमध्ये सांगत, "तो खरो कामचोर."

दोन वर्षांनी त्या गेल्या, एकाएकी, काजूच्या ऐन हंगामात. गोव्याहून आलेल्या नातेवाइकांना शवपेटीतले काळे, सोललेले हात बरे दिसेनात, म्हणून कुणीतरी ते लग्नाचे मोजे शोधून चढवले. शेवंता पुढे झाली आणि तिने सगळ्यांदेखत ते उतरवले. "बायचे हात लपयतास कित्या?" एवढंच म्हणाली. शेड आता तीच चालवते.

मी पुण्याला असते. ऑफिसच्या दारात हजेरीचं मशीन आहे. रोज सकाळी मी अंगठा टेकवते, पहिल्या फटक्यात हिरवा दिवा लागतो आणि मशीन गोड आवाजात "थँक यू" म्हणतं, तशी माझी मान खाली जाते. मागे उभ्या असलेल्यांना वाटतं, ही रोज कुणाला एवढी लाजते?