अडतीस मायक्रॉन

सविताच्या हाताखालून आजवर लाखभर बेअरिंगं गेली असतील. रांजणगावच्या कंपनीत ती चौदा वर्षं क्वालिटीला आहे, आणि तिनं एकदा 'रिजेक्ट' म्हटलं की सुपरवायझरसुद्धा हुज्जत घालत नाही. पण त्या रविवारी सकाळी, न्हावऱ्यातल्या घराच्या पडवीत सासऱ्यांच्या उघड्या इंजिनासमोर बसल्यावर तिच्या तळहातांना घाम सुटला होता.

सासरे पोपटराव, घरादाराचे आप्पा, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. या जुन्या कारचं इंजिन दोन वर्षांपूर्वी त्यांनीच इथं पडवीत खोलून बांधलं होतं. महिन्यापूर्वी सविता कामावरून येत असताना ते आतून ठकठक ठोकायला लागलं. तेलाचा लाल दिवा लागला होता का, असं आप्पांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

लागला होता, चांगला लालभडक. तेल बघायचं काम तिच्याकडंच होतं आणि दोन महिने तिनं ते बघितलंच नव्हतं. पुढं चार किलोमीटरवर दुकान होतं. तिथवर तिनं गाडी तशीच दामटली, तेलाचे डबे ओतले आणि काही झालंच नाही अशा तोंडानं घरी आली. कंपनीत दुसऱ्यांच्या चुकांचे फॉर्म भरणारी बाई, स्वतःच्या चुकीवर तेल ओतून मोकळी झाली.

आप्पांनी तेल तपासलं, तर भरलेलं. मग त्यांनी इंजिन खोललं, घासलेली बेअरिंगं काढून नवी आणली. आता एवढंच बघायचं राहिलं होतं की त्या बेअरिंगांत फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडाही झिजलाय का. झिजला असेल तर नव्या बेअरिंगांतही तो सैलच बसणार, आणि मग गाडी भंगारात घालायची, असं घरात ठरलं होतं. मला बारीक दिसत नाही, माप तूच घे, असं म्हणून आप्पांनी सविताला पुढं बसवलं.

कंपनीत माप म्हणजे स्क्रीनवरचा आकडा. इथं आप्पांनी तिच्या हातात केसाएवढा प्लॅस्टिकचा दोरा दिला. तो क्रँकवर ठेवायचा, वरून बेअरिंगची कॅप, म्हणजे वरचं अर्धं झाकण, ठरल्या जोरानं आवळायची, क्रँक जरासुद्धा फिरवायचा नाही, आणि मग कॅप काढून दोरा किती चपटा झालाय ते बघायचं; त्यावरून क्रँक आणि बेअरिंगमधली फट कळते. सवितानं तसं केलं. कॅप निघाली. दोऱ्याची चांगली रुंद पट्टी झाली होती.  एवढी रुंद म्हणजे एवढी फट, असंच तिला वाटलं, आणि महिनाभर गिळलेलं बाहेर आलं.

"आप्पा, दिवा लागला हुता. मी खोटं बोलले. तेल न्हवतंच, मी वाटंत भरलं. क्रँक माझ्यामुळं गेला."

आप्पांनी पाना खाली ठेवला.  मग त्यांनी दोऱ्याच्या पाकिटावरचं माप तिच्यापुढं धरलं आणि जुळवून बघायला सांगितलं. पट्टी जुळली अडतीस मायक्रॉनच्या फटीला. पन्नासपर्यंत चालतं.

"अगं, भाकरी जास्त थापली की रुंदच हुती. दोरा जेवढा रुंद, तेवढी फट कमी. क्रँक चांगला हाय."

सविताला एवढं हायसं वाटलं की तिला रडूच कोसळलं. आता आप्पा चार शब्द सुनावणार म्हणून ती खाली मान घालून बसली. बोलणं काही येईना, तेव्हा तिनं वर पाहिलं. आप्पा पायरीवर टेकले होते आणि टॉवेलनं डोळे पुसत होते.

"तेल भरल्यालं, दिवा लागला न्हाई म्हनतीस, मंग दुसरं काय असणार? मला वाटलं, मीच बसवताना चुकलो. महिनाभर दारात आल्यालं दुरुस्तीचं एक काम घेतलं न्हाई मी. म्हनलं, गेला आपला हात." थोडं थांबून ते म्हणाले, "डोळ्याला काय झालं न्हाई माझ्या. माप बघायचा धीर हुत न्हवता."

सविताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुन्हा तेलाचा आहे असं ती समजत होती, आणि त्या एका 'नाही'नं आप्पांचं काय झालं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. चुकले म्हणाली ती, दोनदा म्हणाली. आप्पांचं लक्ष नव्हतं. पाना उचलून ते इंजिनाशी आले, तिला बाजूला सरकायला लावलं आणि दुसऱ्या बेअरिंगचा दोरा स्वतःच ठेवला, चष्मासुद्धा न लावता.