आंधळ्या नावाड्याची चूक

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून तिने एक अख्खा ग्रह वसवला. सूर्य नसलेला. सोबतच्या बायका तिला ग्रहवाली म्हणत, आधी टिंगल म्हणून, मग सवयीने. रद्द झालेल्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर ती लिहायची. ‘गाडी कधी येणार?’ असं कुणी विचारलं की मान वर न करता उत्तर द्यायची, आणि खाली कागदावर तिचा आंधळा नावाडी काळ्या समुद्रात होडी हाकत राहायचा.

पुस्तकं निघाली, हातोहात खपलीही. पण मुखपृष्ठावर तिचं नाव कधी आलं नाही. प्रकाशकाची जुनी रीत अशी की अवकाशयानं, राक्षस, जादूचे प्रदेश, असली सगळी पुस्तकं एकाच ठरीव नावाने काढायची, लिहिणारा कुणी का असेना. मागच्या पानावर फोटो मालकांच्या मेहुण्यांचा. मेहुणे विमा विकायचे, पण दाढी अशी की त्रिकाळ पाहिल्यासारखी.

“बाईमाणसाची अवकाशयानं कोण विकत घेणार?” मालक पहिल्याच भेटीत म्हणाले होते. तिने ते गिळलं. नाव ही लिहिणाऱ्याची मजुरीच असते आणि ती दाबणारा नेहमी चहा पाजूनच दाबतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या नावाने छापून यायचं की ट्रंकेत कुजायचं, एवढीच निवड होती.

आता मात्र मालकांनी शब्द दिला होता. या मालिकेचा शेवटचा भाग बाहेर पडू दे, पुढची मालिका तुमच्या नावावर. करार तयार होता, फक्त सही राहिली होती. अट एकच. प्रकाशनाच्या समारंभात लेखक म्हणून मेहुणे बसतील, तुम्ही तोंड उघडायचं नाही.

“तू घरीच थांब,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या जिभेला हाड नाही.”

“मी गप्प बसेन, आई.”

“मग मीही येते. गप्प बसलेली तू कशी दिसतेस, बघू तरी.”

सभागृह खचाखच भरलं होतं. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर मालक, मेहुणे आणि नव्या पुस्तकांचा गठ्ठा. भाषण संपेपर्यंत विक्री नाही, म्हणजे शेवट अजून कुणी वाचलेला नव्हता. मेहुणे दाढी कुरवाळत ‘कल्पनेच्या अथांग सागरा’बद्दल बोलले. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सासूबाई तिच्या बोटाकडे बघत होत्या.

मग वाचकांचे प्रश्न सुरू झाले. एक नर्स उभी राहिली. कामावरून तशीच आलेली, पांढरा गणवेश अंगावर, हातात पानं सुटलेला जुना भाग.

“यात नावाडी एकदा एकदम डावीकडे मान वळवतो. होडीतले सगळे समोर बघतायत आणि हा एकटाच वळतो. आंधळा माणूस कशाकडे वळला? आमच्या वॉर्डात यावर भांडणं झालीत.”

मेहुण्यांनी मालकांकडे पाहिलं. मालक हसले.

“चूक आहे हो ती,” मेहुणे म्हणाले. “मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या नजरेतून सुटली.”

“नव्या आवृत्तीत ते वाक्यच काढून टाकतो,” मालकांनी पुस्ती जोडली.

लोक हसले. नर्सचा चेहरा पडला.

ग्रहवालीच्या बोटावरचं पदराचं टोक सुटलं. नाव गेलं, फोटो गेला, ते तिने कसंबसं पचवलं होतं. पण ते वाक्य! त्याच्यावर शेवटचा अख्खा भाग उभा होता. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. करार, पुढची मालिका, आयुष्यभर वाट पाहिलेलं मुखपृष्ठ, सगळं त्या मनगटात आलं. ती उभी राहिली तेव्हा मनगट आपसूक सुटलं.

“काढायचं नाही ते,” ती म्हणाली. “चूक नाही ती.”

माना मागे वळल्या. मालकांचं हसू जागच्या जागी थिजलं.

“डोळस माणसं दिव्यांना सरावलेली. आभाळात उजेड दिसला तरी त्यांना वाटतं, असेल कुणाचा तरी दिवा. आंधळ्याच्या मात्र गालाला ऊब लागते. दिव्याची ऊब एवढ्या लांब पोचत नाही, हे त्याला एकट्याला कळतं.”

नर्सने हळूच विचारलं, “म्हणजे... शेवटी सूर्य उगवतो?”

तिने जीभ चावली. इतके भाग पोटात जपलेलं गुपित तिने भर सभेत, विक्रीच्या आधी फोडलं होतं. रागाच्या भरात स्वतःच्याच पुस्तकावर दरोडा घातला होता.

सगळ्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक ओढलं, वेष्टन फाडलं, शेवटची पानं उलटली. ओठ हलवत थोडं वाचलं, आणि भोळेपणाने म्हणाले, “हो की. असंच आहे इथे.”

मालकांनी कपाळाला हात लावला.

“तुमचंच पुस्तक ना?” कुणीतरी खवचटपणे विचारलं. मेहुण्यांनी पुस्तक मिटलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

मालक पायऱ्या उतरून रांगांमधून तिच्यापर्यंत आले. आवाज खाली, दात आवळलेले. “करार विसरा, बाई. तुमची ओळ या शहरात कोणी छापणार नाही, याची व्यवस्था मी करतो.”

“करा,” ती म्हणाली. “पण ते वाक्य राहील.”

“राहील म्हणजे? ऐकलंय ना सगळ्यांनी,” सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “आता काढून दाखवा.”

नर्स एव्हाना जवळ आली होती. “नाव काय तुमचं?”

तिने सांगितलं. आडनावासकट, सावकाश, खिडकीतून गाडीचा फलाट सांगावा तसं.

नर्सने खिशातलं पेन काढलं, जुन्या भागावरचं छापील नाव आडव्या रेघेने खोडलं आणि त्याच्यावर ऐकलेलं नाव ठळक लिहिलं. लिहून होतं न होतं तोच मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पुढे केला. दुसऱ्या हातात त्यांचं पुस्तक होतं.

“पेन द्या जरा इकडे.”