करडईचं कोमट तेल

सून बाळाच्या अंगाला लावायला करडईचं तेल कोमट करते, तेव्हा त्या वासासरशी मला मुरुडचा म्हातारा हाडवैद्य आठवतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, आमच्या डॉक्टरांच्या पाटीवर अजून उस्मानाबादच होतं, आणि पाऊस नव्हता म्हणून आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. तिथं तिची पाठ धरली ती सुटेचना. हाडवैद्यानं तिला पालथं झोपवलं, तेलाचं बोट मणक्यांवरून खाली आणलं आणि एका जागी थांबवलं. मला म्हणाला, "हे सरकलेलं न्हाई, बाई. मणका आतून किडायलाय. म्या दाबणार न्हाई. डाक्टरला हीच जागा दाखव." डॉक्टर तर हाडवैद्याचं नाव काढलं तरी खवळायचे. तिथून तसंच त्यांच्याकडे गेलो. दारात आईनं माझा हात दाबला, "सांगू नको, कावतेल." त्यांना तेलाचा वास आला. "कुणाकडून चोळून घेतलं नाही ना?" मी डी.एड. झालेली, शिकलेली, खाली बघून "नाही" म्हणाले, आणि मग ती जागाही दाखवता आली नाही. त्यांनी दुखायच्या गोळ्या दिल्या. दिवाळीपर्यंत आईचे पाय गेले. लातूरला काढलेला मणक्याचा फोटो उजेडाला धरून डॉक्टर हळहळले, "क्षयानं खाल्लाय. कुणी वेळेवर या जागेवर बोट ठेवलं असतं तर..." ठेवलं होतं, डॉक्टर. हे सांगायला आता आई नाही, ऐकायला तुम्हीही नाही. वास तुम्हाला आला होता. नाही मी म्हणाले.