भानुदासची जिवंत मावशी

कंपनीच्या बसमध्ये भानुदास हळू असा बोलायचाच नाही. दर गुरुवारी तो सुप्याहून आमच्याबरोबर नगरला यायचा. कुणी "कुठं निघालास?" म्हणून विचारलं की ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "सावेडीला, समुपदेशनाला. मोबाईलवर नागडे पिच्चर बघायचा नाद हुता, त्याच्यावर विलाज चालू हाय." नवा माणूस खोकायला लागायचा. भानुदास मात्र निवांत खिडकीतून कामरगावचा घाट बघत बसायचा. आता तो नाशिकच्या कारखान्यात गेला आहे आणि आमची बस फार सभ्य झाली आहे. मला तो सभ्यपणा अजिबात आवडत नाही.

सुरुवातीला तो असा नव्हता. शिंगणापूरकडचा गडी, पत्रा दाबायच्या प्रेस शॉप विभागातला चांगला फिटर, मान खाली घालून काम करणारा. नाद लग्नाआधीचाच, पण नंतर वाढत गेला. कामावरून आला की खोलीची कडी लावायची आणि मोबाईल घेऊन बसायचं. त्याच्या बायकोने, सुनीताने, एकदा पाहिलं. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मोडली. मग शनीला तेल वाहून घेतली. तीही टिकली नाही. पण दर वेळी बायकोला मात्र छातीठोकपणे "बंद केलंय" म्हणून सांगायचा. शेवटी सुनीता लेकीला घेऊन पाथर्डीला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "नाद मी सोसला असता. तुमचं खोटं न्हाई सोसत. खरं बोलाया लागला की कळवा."

हे सगळं त्यानेच मला पुढे बसमध्ये सांगितलं, अर्थात मोठ्यानेच.

झोप लागत नाही म्हणून तो दवाखान्यात गेला, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला सावेडीतल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पहिल्या दिवशी हा तोंडाला रुमाल बांधून बसला होता. "बाई मला म्हन्ल्या, का करता ते राहू द्या, कधी करता ते सांगा. मी इचार केला. साहेबानं झापलं की, नायतर खोलीत एकटा असलो की. मंग म्हन्ल्या, चला, हितनं धरू." त्या दिवसापासून संध्याकाळी मोबाईल खाली घरमालकिणीच्या दुकानात राहू लागला आणि भानुदास खानावळीत चार माणसांत जेवू लागला. "दुधाला उकळी येती, तशी उतरती बी. आपन गॅस मोठा करायचा न्हाई," हे बाईंचं वाक्य तो आम्हाला चहाबरोबर ऐकवायचा.

मधे एकदा घसरलाही. पुढच्या गुरुवारी जाऊन तेही सांगून आला. "बाई रागावल्या?" मी विचारलं. "न्हाई. म्हन्ल्या, पडला तिथनंच उठा, पार घरापासनं परत चालत यायचं न्हाई." मला त्या बाईंना एकदा नमस्कार करायचा आहे.

पण सावेडीला वेळेत पोचायचं तर भानुदासला त्याची जनरल शिफ्ट संपायच्या आत, आमच्या पहिल्या शिफ्टच्या बसने निघावं लागे, आणि त्यासाठी गेटपास हवा. आमच्याकडे गेटपास मिळवायचा एकच राजमार्ग, कुणाला तरी मारायचं. माझे स्वतःचे दोन चुलते असे कामी आले आहेत. खरं कारण तोवर आम्हालाही ठाऊक नव्हतं; भानुदासने मावशी निवडली. आधी ती आजारी पडली, मग अत्यवस्थ झाली, मग वारली. त्यानंतर दशक्रिया, तेरावा, मग तिच्या जमिनीचा वाद. आमचे सुपरवायझर जगतापसाहेब प्रत्येक वेळी हळहळून सही करायचे.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशिनांना झेंडूचे हार घालतात आणि घरच्यांना कारखाना बघायला सोडतात. भानुदासला लहानाचं मोठं करणारी मावशी हिरवं लुगडं नेसून ठणठणीत चालत आली. आपण वारलो आहोत, याची तिला काहीच कल्पना नव्हती. तिच्या मागे, कडेवर लेक घेतलेली सुनीता. मावशीनेच तिला समजावून आणली होती.

पेढ्यांचं ताट घेऊन जगतापसाहेब समोर आले. "भानुदास, या कोण?"

"मावशी."

"वारलेली?"

मी घाईघाईने म्हणालो, "धाकटी असेल, साहेब." भानुदासने फक्त मान डोलवायची होती. त्याने सुनीताकडे पाहिलं आणि मान काही डोलवली नाही.

"न्हाई, हीच ती. मावशी जित्ती हाय, साहेब. मी मारली. मोबाईलवर घान बघायचा नाद हाय मला, तो सोडवायला सावेडीला बाईंकडं जातो."

साहेबांच्या हातातलं ताट कलंडलं. "अरे, बायामाणसांत काय बोलतोस? लाज वाटत नाही?"

"लई वाटली, साहेब. वर्सानुवर्सं वाटली. लाजंनं सुटलं असतं तर पयल्याच दिशी सुटलं असतं की! आता गेटपास द्या, न्हाईतर पगार कापा. ज्याला हसायचं त्यानं हसावं. मी जानार म्हंजी जानार."

कुणी हसलं नाही. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्याचा हेवा वाटला. एवढ्या मोठ्या शॉपमध्ये तो एकटाच ताठ उभा होता.

मग मावशीचा आवाज आला, "मुडद्या, मला मारलंस ते मारलंस, तेरावा तरी नीट घातलास का?" आणि सगळा शॉप खो खो हसत सुटला, जगतापसाहेबसुद्धा.

सुनीता हसली नाही. ती पुढे आली आणि कडेवरची लेक तिने भानुदासच्या हातात दिली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती साहेबांना म्हणाली, "मी आता हितंच ऱ्हाते, साहेब. ह्यान्ला गुरुवारचं तेवढं सोडत जा."