गुरुवारची बंदूक

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता धूसर झाली, पण पनवेलच्या पोस्टात बाकावर बसलेला तो म्हातारा काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नव्वदीच्या दशकाची सुरुवात असेल. मी तिथे फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात पोस्टमास्तर स्वतः ठाण्यात आले. फोन असताना माणूस चालत येतो तेव्हा प्रकरण नाजूक असतं.

"साहेब, एक म्हातारा दर गुरुवारी आमच्याकडे येऊन बसतो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "काम काही नाही. तिकीट नाही, पाकीट नाही. जवळ गोधडीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी असतं. आज गोधडी सरकली आणि काउंटरवरच्या आमच्या बाईंना नळी दिसली. बंदूक आहे हो! आणि गुरुवारीच आमची कॅशची पेटी येते."

"दरोड्याची टेहळणी, साहेब. दुसरं काय?" आमचे हवालदार म्हणाले.

मला पटेना. टेहळणी करणारा माणूस बंदूक घेऊन कशाला बसेल? आणि दर आठवड्याला त्याच बाकावर? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एकदा तो वळवळला की मला जेवण जात नाही, हे घरी आजही सांगतील.

त्या दिवसांत जिल्ह्यात मनाई आदेश लागू होता. शस्त्र घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला बंदी, मग पोस्टासारख्या सरकारी कचेरीचा तर प्रश्नच नाही. परवाना असला की बंदूक घेऊन कुठंही हिंडावं, असा भल्याभल्यांचा समज असतो. अहो, परवान्याला अटी असतात. पण त्या वाचतो कोण!

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. हवालदार अंतर्देशीय पत्र लिहायच्या निमित्ताने दाराशी थांबले आणि मी म्हाताऱ्याशेजारी टेकलो. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, गुळगुळीत दाढी. मांडीवर नातवंड निजलं असावं तसा त्याचा हात गोधडीवर होता.

"बाबा, कुणाची वाट बघताय?"

"कुनाची नाय. पंखा बरा हाय इथला."

मी हळूच ओळख सांगितली. तो पळाला नाही की घाबरला नाही. गोधडी मुकाट माझ्या हातात दिली आणि काउंटरकडे बघून म्हणाला, "येतो गं बाय."

ठाण्यात गोधडी उघडली. बारा बोअरची बंदूक, रिकामी. काडतुसं कमरेच्या चंचीत, तंबाखूच्या बाजूला. परवानाही खिशात होता. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी दिलेला, फक्त त्याच्या गावच्या शिवारापुरता. गाव विचुंब्याच्या बाजूचं, आणि शिवार तर केव्हाच भूसंपादनात गेलेलं. शेत गेलं, डुकरं गेली, बंदूक तेवढी घरात राहिली होती.

"बाबा, परवान्याची अट मोडलीत. शस्त्र कायद्याचं कलम लागतं, तुरुंग होऊ शकतो," मी म्हटलं. "पोस्टात बंदूक कशाला आणलीत?"

"लायसन हाय माजं."

"गुरुवारीच का?"

"असंच."

चहा मागवला, त्याने तो निमूट प्यायला. हवालदारांनी आवाज चढवून बघितला, पण म्हातारा ब्र काढेना. मला राग यायच्या ऐवजी नवल वाटायला लागलं. स्वतःला वाचवणारा आरोपी विचारलं त्यापेक्षा जास्त बोलतो. दहा कारणं देतो, त्यातली नऊ एकमेकांत अडकतात. हा एकही कारण देत नव्हता. म्हणजे हा स्वतःला वाचवत नव्हता, दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत होता. पण कुणाला?

मी खडा टाकून बघितला. "ठीक आहे. तुमच्या मुलाला बोलावतो. बंदूक त्याच्या ताब्यात देतो आणि तुम्हाला कोठडीत." असं काही कायद्यात बसत नाही, पण ते त्याला कुठं ठाऊक?

म्हातारा ताडकन उठला. "नको सायेब! मना फाशी द्या, पन पोरांच्या हाती बंदूक नको!"

आणि तो मोठा, रापलेला माणूस टोपी तोंडावर धरून हुंदके द्यायला लागला. हवालदार उठून पाणी घेऊन आले.

मग सगळं बाहेर आलं. त्याला दोन मुलगे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारकडून तिच्या साडेबारा टक्क्यांएवढा भूखंड मिळायचा होता, आणि त्याला नाव कुणाचं लागणार यावरून दोघं एकमेकांच्या जिवावर उठले होते. धाकटा घरीच, दारूच्या नादी. थोरला उरणकडच्या कारखान्यात, सुट्टी गुरुवारी. म्हणजे दोघं दिवसभर समोरासमोर येणार ते गुरुवारीच. धाकट्याने एकदा बंदुकीला हात घातलेला बापाने पाहिला होता.

"अहो, मग लपवून ठेवायची," मी म्हटलं.

"घर केवडं सायेब? लपवनार कुटं?"

"काडतुसं खाडीत फेकायची!"

"मंग सरकारला काय सांगू? माज्या नावावर हाईत ती."

कायदा मोडून बसलेला माणूस मला काडतुसांचा हिशेब सांगत होता! हसावं की रडावं तेच कळेना. "बाबा, ठाण्यात शस्त्र जमा करता येतं. पावती मिळते. इथे का नाही आलात?"

"चौकीची पायरी चढलो तं गावात बोभाटा व्हईल. लोक बोलतील, याची पोरं एकमेकांचा जीव घेतात. पोस्टात कोन इचारतो?"

मी बंदूक जमा करून घेतली, पावती दिली आणि वर अहवाल पाठवला, कारणासकट. परवाना निलंबित झाला, म्हातारा ताकिदीवर सुटला. परवाना गेला म्हणून हात जोडून आभार मानणारा माणूस मी उभ्या नोकरीत एकच पाहिला. दोन्ही मुलांना बोलावून चांगलं खडसावलं. ते खाली मान घालून उभे राहिले. खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं, बापाच्या मायेने म्हातारा जरा जास्तच भ्यायला आहे.

पुढे काही वर्षांनी माझी पुन्हा पनवेलला बदली झाली. एक दिवस तेच दोघं भाऊ दारात उभे. वडील वारले होते. मुद्देमालाच्या खोलीतल्या बंदुकीचं काय करायचं, ते विचारायला आले होते.

"कुणाच्या नावे अर्ज करताय?" मी विचारलं.

"कुनाच्याच नाय," थोरला म्हणाला. "सरकारजमा करा." सही करून तो स्कूटर काढायला बाहेर गेला.

धाकटा रेंगाळला. "सायेब, तुमी बाबाला पोस्टातनं आनलं ना, त्या दिवशी मी माळा, कणगी, गोठा, सगळं पालथं घातलेलं. दादा ओटीवर निजला होता." त्याने दाराबाहेर भावाकडे बघितलं. "बंदूक गावली नाय."

कायद्याच्या दृष्टीने तो म्हातारा चुकलाच होता, आजही मी तेच म्हणेन. पण त्यानंतर कुठल्याही आरोपीला, त्याने काय केलं याच्या आधी, का केलं हे मी विचारत आलो. उत्तर मिळेपर्यंत चहा पाजायचीही तयारी ठेवली.

बाहेर हॉर्न वाजला. "चल रं, उशीर होतोय," थोरल्याने हाक मारली. धाकट्याने डोळे पुसले आणि तो भावाच्या मागे स्कूटरवर जाऊन बसला.