घर घेऊन या

शनिवार पेठेतल्या आगटेबाई एकट्या माणसाला पुस्तक देत नसत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत निसर्गावरच्या पुस्तकांचं वाचनालय काढलं होतं. वर्गणी नव्हती, पण अट होती. पुस्तक घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्यानं वाचायचं आणि परत द्यायलाही सगळ्यांनीच यायचं. कुणी एकटा आला, की बाई म्हणत, "घर घेऊन या." घर आलं, की त्यातल्या एकाला त्या प्रश्न विचारत. उत्तर आलं नाही, तर तेच पुस्तक पुन्हा घरी.

प्रश्नासाठी त्यांना का कोण जाणे, नेहमी वडीलच सापडत.

मी, बायको मीनल आणि मुलगी रेवा मुंग्यांचं पुस्तक परत करायला गेलो. हिंजवडीहून येताना कंपनीच्या बसमध्ये मी मलपृष्ठ वाचून ठेवलं होतं. माझ्या मते तयारी उत्तम होती.

"साहेब, मुंगीला वाट कशी सापडते?" बाईंनी विचारलं.

मी शिस्त, एकजूट आणि चिकाटी यांवर बोललो.

"छान. सत्कार समारंभ असला की बोलावू तुम्हाला. वाट राहिली."

रेवाला कोळ्यांचं पुस्तक हवं होतं. ते समोरच्या कपाटात दिसत होतं. ती उत्तर द्यायला पुढे झाली, तशा बाई म्हणाल्या, "तू नको गं. तुला येतं ते दिसतंय मला."

पुढच्या खेपेला मी मीटिंगांचं कारण सांगितलं. "असं का? म्हणजे घरी बोलायला शब्द उरत नसतील," बाई म्हणाल्या. मुंग्या पुन्हा आमच्याकडेच आल्या. रिक्षात रेवानं ते पुस्तक मांडीवर उघडलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चिडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी वाचायला बसलो. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली होती आणि मीनल विषारी खडू घेऊन आली होती. रेवा म्हणाली, "आई, थांब ना. बाबांना दाखवू दे." पुस्तकात लिहिलं होतं तशी मी रांग मध्येच बोटानं पुसली. मुंग्या तिथवर आल्या आणि भांबावल्या. वासाची वाट मी पुसली होती.

हे मी बाईंना सांगितलं.

"ओट्यापाशी उभे होतात?" बाई म्हणाल्या. "घरच्यांनी ओळखलं का?"

रेवाला कोळ्यांचं पुस्तक मिळालं. मीनलला बजावलं गेलं, "आठवडाभर जाळी झाडायची नाहीत."

"अहो, पाहुणे येणार आहेत."

"मग त्यांनाही वाचायला बसवा."

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही तिघं संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन वाचत असू. एकदा माझी बस वाकडच्या पुलाखाली अडकली. मी पोचलो, तेव्हा मीनल आणि रेवा उघडं पुस्तक घेऊन नुसत्याच बसल्या होत्या.

"थांबलात कशाला? पुढे वाचलं असतं, तरी मला चाललं असतं," मी म्हणालो.

"तुम्हाला चाललं असतं हो," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळंच चालतं. बसा."

मी सतरंजीवर बसलो. मग रेवानं वाचायला सुरुवात केली.